लॅव्हनहॅमचे चर्च नेमके कोणत्या शतकाचे मानावे?

प्रश्न : अजिंक्यताऱ्याचा शेजारी, सातारा

मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडात असल्याने यंदा आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे राहून आलो. जावयांनी एका रविवारी सफोक परगण्यातील लॅव्हनहॅम या गावी नेले. गाव आपल्या एखाद्या बाजारपेठेच्या खेड्याएवढे, पण तिथले मध्ययुगीन चर्च मात्र शहराला शोभेल असे. हे चर्च चौदाव्या शतकातील असल्याचे एके ठिकाणी वाचले, तर दुसरीकडे १५२५ हे साल दिसले. शिवाय मनोरा आणि मधला भाग उंच, पण वेदी जिथे आहे तो पूर्वेकडचा भाग ठेंगणा. आपल्याकडे शिखर गाभाऱ्यावर चढते. तिथे सर्वांत पवित्र जागाच बुटकी कशी? जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या भागांच्या आहेत. वेदीचा भाग, ज्याला चॅन्सेल म्हणतात, तो साधारण १३४० च्या सुमाराचा आहे. लोकांनी बसायचा भाग, म्हणजे नेव्ह, आणि मनोरा ही कामे १४८५ नंतर सुरू होऊन १५२५ च्या आसपास संपली. यादवकालीन दगडी गाभारा, त्यावर पेशवाईतले विटा-चुन्याचे शिखर आणि पुढे गावकीने घातलेला लाकडी सभामंडप, असे देऊळ कोणत्या शतकाचे हे आपणही एका शब्दात सांगू शकत नाही.

गाभारा ठेंगणा राहण्याचे कारण मला धर्मापेक्षा जमाखर्चात दिसते. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दशांश ज्याला मिळे त्याने करायची आणि नेव्हचा खर्च गावकऱ्यांनी सोसायचा, अशी मध्ययुगीन इंग्लंडातील सर्वसाधारण वहिवाट होती. लॅव्हनहॅममध्ये पैसा खेळत होता तो गावकऱ्यांच्या हातात. निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारावर हे गाव इतके वर आले होते की १५२४ च्या करआकारणीत त्याचा क्रमांक इंग्लंडातील पहिल्या वीस श्रीमंत गावांत लागला. जमीनदार होता ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल जॉन द व्हेअर, जो १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत विजयी पक्षाकडून लढला होता. त्याने आणि स्प्रिंग या कापड व्यापारी घराण्याने मिळून बांधकामाचा मोठा भार उचलला. थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारला, तेव्हा मनोरा पुरा व्हावा म्हणून त्याने मृत्युपत्रात २०० पौंड ठेवले होते. १४१ फूट उंचीच्या त्या मनोऱ्यावर अर्लच्या घराण्याचा तारा आहे आणि व्यापाऱ्यांच्या खुणाही आहेत. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव वाचत वर चढणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवे वाटू नये.

शतक ओळखायचे असेल तर फलक वाचण्याआधी खिडक्या पाहाव्यात. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, डेकोरेटेड म्हणवल्या जाणाऱ्या शैलीत खिडकीच्या माथ्यावरची दगडी जाळी वेलीसारखी वळणे घेते. त्यानंतरच्या पर्पेंडिक्युलर शैलीत मात्र उभ्या दगडी पट्ट्या थेट कमानीला जाऊन भिडतात, कमान चपटी होते, आणि वजन बाहेरच्या धिऱ्यांवर गेल्यामुळे भिंतीत काचच काच उरते. नेव्हमध्ये आपल्याला जो लख्ख उजेड जाणवला असेल, तो या युक्तीचा परिणाम आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. जाळीकडे मी पाहिलेच नाही, मान वर करून छत पाहत राहिलो. आणखी एक शंका : इतके वैभव असताना इंग्लंडातील अशा जुन्या चर्चच्या भिंती आतून इतक्या कोऱ्या का असतात?

उत्तर : वाईकर

त्या तशा नव्हत्या. मध्ययुगात गावोगावच्या चर्चच्या भिंतींवर संतांची आणि अंतिम न्यायाची रंगीत चित्रे असत. धर्मसुधारणेच्या काळात, विशेषतः १५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आल्यानंतर, मूर्ती काढून टाकण्याचे हुकूम सुटले आणि चित्रांवर चुना फिरवण्यात आला. पुढे यादवी युद्धाच्या काळात, १६४३-४४ मध्ये, विल्यम डाउझिंग नावाच्या अधिकाऱ्याने केंब्रिजशायर आणि सफोकमधील अडीचशेहून अधिक चर्चमध्ये फिरून उरलीसुरली चित्रे आणि रंगीत काचा फोडविल्या. गंमत अशी की ज्या चुन्याने चित्रे झाकली त्यानेच काही ठिकाणी ती टिकवली, आणि एकोणिसाव्या शतकापासून ती खालून बाहेर येऊ लागली. आमच्या भागात कोरीव दगडावर ऑइलपेंट चढवतात आणि नंतर तो यंत्राने खरवडतात, तेव्हा नक्षीही जाते. त्यापेक्षा चुना बरा म्हणायचा.

मनोऱ्यातल्या घंटांबद्दल कोणी लिहिले नाही. लॅव्हनहॅमची सर्वांत मोठी घंटा माइल्स ग्रे याने १६२५ मध्ये ओतली आणि तिच्या नादाची ख्याती दूरवर आहे. चर्चची घंटा जवळून पाहायची असेल तर आपल्या मेणवलीच्या घाटावर जावे; १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथे देवळापुढे टांगलेली आहे.

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

एक गोष्ट राहिली. पुढच्या पिढीने चॅन्सेलही पाडून मोठे का बांधले नाही, असे आपण विचाराल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलचेस्टरला येऊन राहिलेले डच विणकर हलके, स्वस्त कापड काढू लागले आणि लॅव्हनहॅमचा जाड कापडाचा धंदा बसला. नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून १३४० चा तो भाग जागेवर राहिला आणि चर्चच्या उतारावर आपण पाहिलेली वाकडीतिकडी लाकडी घरेही राहिली.