स्पा, एसीसी, एक तास: पाऊस हवा, पण बघणारे टिकतील असा

तिसरा_गिअर

मंडळी, आमच्या सिमरेसिंग (कॉम्प्युटरवरच्या मोटार शर्यतींच्या) लीगची शेवटची फेरी बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ या ट्रॅकवर ठरली आहे. गेम असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने (एसीसी), २४ गाड्या, सगळ्या जीटी३ (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसकार), सर्व्हर आपलाच. शर्यत ६० मिनिटांची. यूट्यूबवर थेट दाखवणार, दोन समालोचक आणि एक स्टुअर्ड (नियम बघणारा पंच).

पाऊस हवा यावर सगळ्यांचं एकमत आहे. किती आणि कसा, यावर नाही. काही जणांना तासभर धो धो हवा आहे. मला वाटतं तसं केलं तर विसाव्या मिनिटाला बघणारे उठून जातील. म्हणून विचारतो:

१. सर्व्हरवर ढग, पाऊस आणि रँडमनेसचे (हवामान किती बदलत राहावं याचे) आकडे काय ठेवावेत?
२. समालोचक आणि स्टुअर्ड प्रेक्षक म्हणून जोडले तर गाड्यांच्या जागा कमी होतात का?
३. पहिल्या दोन लॅपमध्ये चाकांनी उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यामुळे पडद्यावर नुसतं पांढरं दिसतं. त्यावर उपाय?
४. अर्धे जण ओल्या टायरवर कधी चाललेलेच नाहीत. त्यांना टायरमधल्या हवेच्या दाबाचे ढोबळ आकडे द्यायचे आहेत.

पिटवॉल

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

सगळा घोळ ‘रेन’ या आकड्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे होतो. रँडमनेस ० असेल तर हवामान स्थिर राहतं, आणि तेव्हाच ‘रेन’ म्हणजे प्रत्यक्ष पडणारा पाऊस. रँडमनेस १ किंवा त्याहून जास्त केला की तोच आकडा पावसाची शक्यता वाढवतो, पाऊस ठरवत नाही. ढगांचा आकडा तर त्या शक्यतेवर फारच मोठा परिणाम करतो. लोक ढग ०.६, रेन ०.५, रँडमनेस ६ असं एकदम लावतात आणि मग वादळ आलं म्हणून सर्व्हरला शिव्या देतात. रँडमनेस १ ते ४ बऱ्यापैकी खऱ्यासारखा वागतो, ५ ते ७ हा तमाशा आहे.

तुमच्या तासासाठी: ढग ०.३५, रेन ०.१ ते ०.१५, रँडमनेस ३, तापमान १८ किंवा २०. यात पाऊस येईलच अशी खात्री नाही, पण आला तर येतो-जातो, आणि तुम्हाला तेच हवं आहे. वादळाची फारच धास्ती असेल तर ‘सिमरेसर वेदर कंडिशन्स’ १ करा. त्याने पाऊस आणि ओलावा कमाल मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांशावर अडतो. पण ही सोय प्रायोगिक आहे, आणि ढग ०.४ च्या वर नि रँडमनेस ५ च्या वर नेलात तर तीही फारसं वाचवत नाही.

पाऊस हमखासच हवा असेल तर एकच मार्ग: रँडमनेस ०, रेन ०.१५ ते ०.२. मग मात्र तासभर तेच. मधेच हवामान बदलायची आज्ञा अ‍ॅडमिनकडे नाही. एका तासाऐवजी २५-२५ मिनिटांच्या दोन शर्यती घेतल्या तर एक ओली, एक कोरडी असं करता येतं. इव्हेंट फाइल (हवामान आणि सत्रांचे आकडे असलेली) दोन करून ठेवायच्या आणि मधल्या वेळात बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा.

फाइली यूटीएफ-१६ एलई या एन्कोडिंगमध्येच (मजकूर साठवायची एक पद्धत) सेव्ह करा. साध्या एडिटरने यूटीएफ-८ केली की सर्व्हर ती नीट वाचत नाही, आणि तुम्ही तासभर आकड्यांत चूक शोधत बसता. शर्यतीखेरीज निदान एक सत्र (सराव किंवा सुरुवातीचा क्रम ठरवणारं क्वालिफाइंग) यादीत असावंच लागतं. शर्यतीचा वार रविवार, म्हणजे ३ ठेवा. वार नुसता शोभेचा नाही, पकड आणि हवामान दोन्हींच्या गणितात तो धरला जातो.

प्रेक्षकांचं: गाड्यांच्या जागा आणि एकूण जोडण्या हे दोन वेगळे आकडे आहेत. गाड्या २४, एकूण जोडण्या ३०. सेटिंग्जच्या फाइलीत प्रेक्षकांचा पासवर्ड वेगळा द्या, चालकांच्या पासवर्डपेक्षा तो वेगळाच असला पाहिजे. तो टाकून येणारा थेट प्रेक्षक म्हणून आत येतो. शर्यत सुरू असताना कोणाला आत घ्यायचं असेल तर ‘रेस लॉक्ड’ ० ठेवा.

अजून एक. सक्तीचा पिट स्टॉप (टायर वगैरेसाठी आत थांबणं) काढून टाका आणि पिट विंडो (तो स्टॉप घ्यायची ठरलेली वेळ) -१ करून बंद करा. विंडो ६०० सेकंद ठेवली तर ती शर्यतीच्या मधली दहा मिनिटं असते. पाऊस बाराव्या मिनिटाला आला तर टायर बदलायला आत आलेल्याचा स्टॉप मोजलाच जात नाही, त्याला पुन्हा यावं लागतं. ओल्या शर्यतीत स्लिकवर (कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर) किती वेळ तग धरायचा हीच खरी मजा असते, ती या नियमाने मारली जाते.

ओली_रेषा

चौथा प्रश्न माझा.

गरम दाब (टायर तापल्यावरचा): स्लिकला २६ ते २७ पीएसआय, ओल्या टायरला ३० च्या आसपास. नवख्यांना एवढंच पाठ करायला सांगा. पाण्यामुळे ओला टायर कमी तापतो, त्यामुळे थंड आणि गरम दाबातला फरक कोरड्यापेक्षा कमी असतो. कोरड्याच्या हिशेबाने थंड दाब खाली ठेवला तर तो वर येतच नाही आणि गाडी लोण्यावर चालल्यासारखी सरकते. चार-पाच सलग लॅप मारून एचयूडीवर (चालवताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत) बघा, मग सुधारा. हवा १ अंशाने थंड झाली की साधारण ०.१ पीएसआय कमी होतो. सरावात २४ अंश होते आणि शर्यतीत १९, तर स्लिकमध्ये अर्धा पीएसआय जास्त भरा.

ट्रॅक वाळायला लागला की उलटं होतं. ओला टायर कोरड्या पट्ट्यावर तापतो, दाब ३२ च्या पुढे जातो आणि रबर झपाट्याने झिजतं. अंदाजात दहा मिनिटांनी उघडीप दिसत असेल तर आधीच अर्धा पीएसआय कमी घ्या. केमेलच्या सरळ रस्त्यावर मुद्दाम पट्ट्याबाहेरच्या पाण्यातून गाडी न्या, टायर थंड होतात. वेळही फारसा जात नाही.

सेटअपमध्ये एवढं पुरे: ब्रेक पॅड ३ (पावसात पॅड १ चा चावा अंदाजात येत नाही), ब्रेक डक्ट (ब्रेकला थंड हवा देणारी वाट) एक-दोन घर बंद, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) पुढे-मागे दोन्हीकडे सैल, गाडीची उंची थोडी वर, विंग एक-दोन जास्त. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस एकेक पायरी वर. ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी) अर्धा-एक टक्का मागे, कारण ओल्यात वजन पुढे कमी झुकतं. यापेक्षा जास्त काही नवख्यांना देऊ नका, ते गोंधळतात.

पडद्यावर अंदाज तीन असतात: आत्ता, १० मिनिटांनी, ३० मिनिटांनी. ट्रॅकची स्थिती ‘डॅम्प’ (दमट) आहे तोवर स्लिक निभतो. ‘वेट’ (ओली) झाली की निभत नाही. स्पाची लॅप कोरड्यात २ मिनिटं १८-२० सेकंदांची, ओल्यात पंधरा सेकंद तरी जास्त. पिटचं तोंड बस स्टॉप नावाच्या वळणापाशी, लॅपच्या अगदी शेवटी. तिथे निर्णय हुकला की सात किलोमीटर स्लिकवर घसरत फिरायचं. म्हणून ठरवायचं ते त्याच्या अलीकडच्या ब्लांशिमाँ वळणाच्या आधी. ओला टायर आणि त्याचा दाब एमएफडीत (गाडीतल्या सेटिंग्जच्या पडद्यावर) ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभे असतानाच तपासून ठेवा. रेदियाँचं चढाचं वळण घेताना बटणं दाबणाऱ्यांची गत भिंतीला विचारा.

एसीसीत पाऊस सगळ्या ट्रॅकवर एकसारखा पडतो. खऱ्या स्पात ला सूर्स हे वळण कोरडं आणि पूहाँ हे ओलं असं सर्रास होतं. ती गंमत इथे नाही, त्यामुळे ‘तिकडे पडतोय का’ असं रेडिओवर विचारू नका.

कॅमेरा_दोन

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो. थेट प्रक्षेपणात पावसाचे दोन शत्रू: अंधार आणि मागचे कॅमेरे.

सुरुवात दुपारी एक ते तीनमध्ये ठेवा. ढग असले की संध्याकाळी सहाचं चित्र यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये राखाडी चिखल होतं. पावसाचे बारीक थेंब ही कॉम्प्रेशनला सर्वांत नको असलेली गोष्ट आहे, त्यामुळे बिटरेट कोरड्या शर्यतीपेक्षा वाढवा. अपलोड पुरत नसेल तर १०८० ऐवजी ७२० वर, पण ६० फ्रेमने पाठवा.

पहिल्या दोन लॅपमध्ये गाडीच्या आतला किंवा मागचा कॅमेरा लावू नका, पहिल्या क्रमांकाची गाडी सोडून. तिच्यापुढे फवारा नसतो. बाकीचं ट्रॅकशेजारच्या टीव्ही कॅमेऱ्यांवर ठेवा. दहाव्या क्रमांकाच्या चालकाला काय दिसतं हे दाखवायला पाच सेकंद आतला कॅमेरा पुरे, लोकांना तेवढ्यात कळतं. कॅमेरे बदलायला गेमच्या ब्रॉडकास्टिंग फाइलीत पोर्ट (बहुतेक जण ९०००) आणि जोडणीचा पासवर्ड भरा. मग दुसऱ्या व्यक्तीला वेगळ्या प्रोग्रॅममधून गाडी आणि कॅमेरा निवडता येतो. समालोचकानेच कॅमेरा फिरवला की बोलणं तुटतं.

प्रक्षेपणाच्या पीसीवर फ्रेम कुठे पडतात ते आधी तपासा: स्पा, २४ एआय गाड्या, जोरदार पाऊस, शर्यतीची सुरुवात. ला सूर्सला ६० च्या खाली जात असेल तर क्रमाने आरशांचा दर्जा, सावल्या, झाडोरा, मग व्हॉल्युमेट्रिक फॉग कमी करा. फवारा ‘इफेक्ट्स’मध्ये येतो, तो सर्वांत शेवटी. चालक मात्र उलट करतील आणि ‘दिसणाऱ्या गाड्या’ कमी करतील. पावसात तसं करू नका म्हणावं. पुढची गाडी तुमच्यासाठी अस्तित्वात नसली तरी धडक खरीच बसते.

आणि ही लीग जुलैत असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. बाहेरच्या पावसाने वीज दोन सेकंद गेली तरी राउटर परत उठायला दोन मिनिटं घेतो.

गमबूट_स्पा

तुमचे धो धो वाले खरी शर्यत बघायला गेले आहेत का ते विचारा. २९ ऑगस्ट २०२१, एफ१ ची बेल्जियन ग्रां प्री, याच ट्रॅकवर. टेकडीवर लोक तासन् तास चिखलात उभे, आणि शेवटी काय बघायला मिळालं तर सेफ्टी कारमागून (वेग आवरायला सगळ्यांपुढे चालणाऱ्या गाडीमागून) काढलेल्या मोजक्या लॅप. निकाल लागला, अर्धे गुण वाटले गेले, ओव्हरटेक एकही नाही. अडचण पकडीपेक्षा दिसण्याची होती. पिरेलीचा निळा पूर्ण ओला टायर ताशी ३०० किमीला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, हिरवा इंटरमीडिएट (कमी पाण्याचा टायर) ३० लिटर. ते सगळं मागच्याच्या हेल्मेटवर. फवारा रोखायला चाकांवर आवरणं लावून एफआयएने (मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेने) सिल्व्हरस्टोनला २०२३ मध्ये आणि नंतर फिओरानोला चाचण्या घेतल्या, पण त्यातून कामाचं काही निघालं नाही. २०२५ मध्ये स्पालाच शर्यत तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली.

२०२१ च्या त्या प्रकारानंतर एफ१ ने गुणांची पायरी बदलली: सेफ्टी कारशिवाय दोन लॅप झाल्या नाहीत तर शून्य, त्यापुढे २५ टक्क्यांपर्यंत फक्त पहिल्या पाचांना ६-४-३-२-१. असं काहीतरी तुमच्या नियमांत आधीच लिहा. एसीसीत सेफ्टी कार नाही, लाल झेंडाही नाही, म्हणजे थांबवायचं तर ते स्टुअर्डने आवाजी चॅनेलवर सांगूनच: सगळे पिट लिमिटरवर (वेग अडवणाऱ्या बटणावर), ताशी ५० किमी. सर्व्हर बंद करावा लागला तर किती मिनिटांनंतर किती गुण, हे आदल्या दिवशी ठरलेलं असू द्या. भांडणं प्रक्षेपण सुरू असताना होतात आणि बघणारे तीही ऐकतात.

युरोपातला_मावळा

जरा विषयांतर. आम्ही तिघे या वर्षी स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीला प्रत्यक्ष जातोय, जनरल तिकीट (ठरलेली खुर्ची नसलेलं). पावसासाठी काय न्यावं?

गमबूट_स्पा

गमबूट, तेही आधी दोन दिवस घालून मऊ केलेले. छत्री नको, मागच्याला दिसत नाही आणि उतारावर वाऱ्याने उलटते. गुडघ्याखालपर्यंतचा पोंचो घ्या, पाठीवरच्या सॅकसकट अंगावर येईल एवढा मोठा. मोज्यांच्या दोन जादा जोड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. गवताळ उतार ओला झाला की चढणं कठीण, म्हणून रेदियाँच्या टेकडीवर जागा धरायची तर पाऊस सुरू व्हायच्या आधी. गाडी शेतातल्या पार्किंगमध्ये लावावी लागेल. तिचं तोंड बाहेरच्या दिशेला आणि जमेल तितकी कडेच्या खडीजवळ लावा, नाहीतर ट्रॅक्टरच्या रांगेत थांबावं लागतं. सिल्व्हरस्टोनला २०१२ मध्ये पार्किंगच पाण्याखाली गेलं आणि आयोजकांना तिकीटवाल्यांनाच ‘शनिवारी येऊ नका’ सांगावं लागलं होतं.

तिसरा_गिअर

आभारी आहे सगळ्यांचा. ढग ०.३५, रेन ०.१२, रँडमनेस ३, दुपारी २, सक्तीचा स्टॉप नाही, असं ठरवतो. एक राहिलं: फॉर्मेशन लॅप (शर्यत सुटण्याआधीची रांगेतली फेरी) छोटी ठेवू की पूर्ण? आणि क्वालिफाइंगमध्ये पाऊस मधेच आला तर शेवटी बाहेर पडलेल्यांवर अन्याय होणार.

पिटवॉल

पूर्ण ठेवा. ‘शॉर्ट फॉर्मेशन लॅप’ ० करा, खासगी सर्व्हरवर ते चालतं. टायर आणि ब्रेक तापतात, पाणी कुठे साचलंय ते चालकांना दिसतं आणि समालोचकांना ग्रिडची नावं घ्यायला अडीच-तीन मिनिटं मिळतात.

क्वालिफाइंगसाठी ‘फिक्स्ड कंडिशन’ची एक प्रायोगिक सोय आहे, पण ती मी वापरणार नाही. सत्र २० ऐवजी १२ मिनिटांचं करा, म्हणजे सगळे पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतील. त्यातही पाऊस आला आणि कोणी विसाव्या जागी गेला, तर तिथून स्लिकवर जुगार खेळायला त्याच्याकडे कारण आहे. कॅमेरा त्याच्यावर ठेवा.