जुन्या तीन-पिन स्की घ्याव्यात का?

प्रश्न: कोलोरॅडोत जुन्या फिशर युरोपा ९९ स्की मिळताहेत, तीन-पिनच्या ७५ मिमी बाइंडिंगसकट (म्हणजे बूट स्कीला धरणारी पकड; तिच्या तीन पिना बुटाच्या भोकांत बसतात). पैसे देण्याआधी काय तपासू?

उत्तर १: दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मध्ये कमानीची फट दिसायला हवी. एक ताठ, दुसरी सपाट असेल तर जोडी बिघडलेली. मग टोकाकडचे थर नखाने उचकटून बघा. सुटत असतील तर फुकटातही नको. स्टीलच्या कडेवरचा वरवरचा गंज बारीक सँडपेपरने जातो, पण उचकटलेली कड सहसा नीट बसत नाही.

उत्तर २: बाइंडिंग जोरात ओढा. स्क्रू गरगर फिरत असेल तर काढून भोक पूर्ण वाळवा, इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा घट्ट गोंद) भरा, स्क्रू बसवा आणि २४ तास हात लावू नका. आतलं लाकूड कुजलं असेल तर इपॉक्सीही धरत नाही. बाइंडिंग डावं-उजवं वेगळं असतं, अदलाबदल झाली की पिना बुटाच्या भोकांत बसत नाहीत.

उत्तर ३: खरा खर्च बुटांचा! जुने पॉलियुरेथेन तळवे नुसते पडून राहिले तरी भुगा होतात. बुटाच्या पुढच्या चोचीतली तीन भोकं फाटलेली नकोत. आणि हे बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही, म्हणून हिमस्खलनाच्या उतारांवर नेऊ नका.