कवडसा नक्की कशाला म्हणायचं?

माजघर:
आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी तिसरी-चौथीची मुलं जमतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी त्यांना प्रकाशावर चार पानांची पुस्तिका लिहून देतेय. पहिलंच वाक्य असं होतं: 'अंधाऱ्या खोलीत कवडसा आला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात.' शाळेतल्या बाईंनी खर्डा वाचला आणि 'कवडसा'खाली लाल रेघ मारली. त्या म्हणाल्या, कवडसा म्हणजे जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेला उजेडाचा ठिपका. धूळ दिसते ती तिरिपेत. मी लहानपणापासून दोन्हींना कवडसाच म्हणत आलेय. तुमच्याकडे काय म्हणतात? मुलांना एकदा शब्द दिला की तो परत घेता येत नाही, म्हणून विचारते.

भिंगरी:
बाईंचं बरोबर आहे. क्रियापदं बघा ना. कवडसा पडतो, तिरीप येते. शाळेत आम्ही आरशाच्या तुकड्याने समोरच्या भिंतीवर कवडसे पाडायचो. मधल्या हवेतलं काही कुणाला दिसत नव्हतं, आणि त्याला नावही नव्हतं.

गोदाकाठ:
पाऊसही पडतोच. म्हणून अंगणात साचलेल्या पाण्यालाच पाऊस म्हणायचं का? आमचं जुनं घर धाब्याचं. उजेडासाठी छतात एक भोक ठेवलेलं, दुपारी त्यातून ऊन थेट जात्याजवळ उतरायचं. आजी त्या सबंध उन्हाला, वरपासून खालपर्यंत, कवडसा म्हणायची. 'कवडशातून उठ, डोकं दुखेल' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. ठिपक्यात कुणी बसत नाही. माझ्या मते शब्द कवाडावरून आलाय: कवाडाच्या फटीतून येतो तो कवडसा.

वाळवण:
मला तो कवडीवरून आल्यासारखा वाटतो. तेवढाच, तसाच गुळगुळीत, पांढरा. कवाडाच्या फटीतून आलेलं ऊन लांब पट्टीसारखं पडतं, त्याला आम्ही कधीच कवडसा म्हटलं नाही. कौलांतून पडतो तो खरा कवडसा, गोल.

सूचिछिद्र:
वाळवणताई, 'गोल' हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण मुलांना सांगायची खरी गोष्ट तिथेच आहे. दोन कौलांमधली फट काही गोल नसते. वाकडी, तिकोनी, कशीही असते. तरी खाली ठिपका गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचं चित्र असतं. सहावीतला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे पिनहोल कॅमेरा, तो हाच. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे, म्हणून फट लहान असेल तर ठिपका फटीपासूनच्या अंतराच्या साधारण १०८वा भाग भरतो. ३ मीटरवरून पडला तर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. चौथीतली मुलं पट्टीने मोजू शकतात.
२६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाला मी केरळात चेरुवत्तूरला होतो. झाडाखाली एरवी पडतात ते गोल ठिपके आधी चंद्रकोरी झाले, मग बांगड्या. पानांमधल्या फटी होत्या तशाच होत्या, सूर्य बदलला होता.
आता तिरीप. उजेड बाजूने जात असताना आपल्याला दिसत नाही, तो डोळ्यात शिरला तरच दिसतो. तिरिपेतली धूळ त्यातला थोडा आपल्याकडे वळवते, म्हणून वाट दिसते. खोली धुळीविना असती तर ठिपका दिसला असता, वाट नाही. म्हणजे एक झाली प्रतिमा आणि दुसरं विकिरण. दोन वेगळ्या घटना आहेत, मुलांना दोन शब्द द्यावेत असं मला वाटतं.

जुनी अकरावी:
विकिरण नको. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, ज्याला आपण प्रारण म्हणतो. विश्वकोशात याला प्रकीर्णन आहे. शालेय पुस्तकात विकिरण आलं आणि आता हिंदी माध्यमातून आलेलं पोर मराठी वर्गात बसलं की गोंधळणार.

भिंगरी:
नऊ वर्षांच्या मुलाला प्रकीर्णन? 'विखुरणं' म्हणा ना. उजेड धुळीवर आपटून विखुरतो. दाणे सांडल्यावर विखुरतात हे त्याला ठाऊक आहे.

जुनी अकरावी:
आज विखुरणं शिकवाल, सातवीत तोच मुलगा विकिरण शिकेल आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगणार नाही. माझंच उदाहरण देतो. आम्ही वक्रीभवन शिकलो. नातीच्या पुस्तकात अपवर्तन. वाटीत नाणं ठेवून, ते कडेआड जाईपर्यंत मागे सरकून, पाणी ओतल्यावर नाणं वर येतं तो प्रयोग तिला करून दाखवला आणि म्हटलं, हे वक्रीभवन. ती म्हणाली, आजोबा, हे आम्हाला नाही, आम्हाला अपवर्तन आहे. प्रयोग तोच, आणि ती तो वेगळा धडा समजत होती. वक्रीभवन काय वाईट होतं? ऐकताच समजायचं की काहीतरी वाकतंय.

सूचिछिद्र:
काका, तेच तर अडचणीचं आहे. वक्री म्हटलं की मुलं पाण्यात किरण धनुष्यासारखा काढतात. वह्या तपासल्या आहेत मी. पाण्यात शिरताना तो पृष्ठभागावर एकदाच वळतो, पुढे सरळच जातो.

जुनी अकरावी:
मृगजळात? तापलेल्या डांबरी रस्त्याजवळची हवा उष्ण आणि विरळ, वर जावं तशी दाट. तिथे किरण हळूहळूच वळतो, चांगला धनुष्यासारखा. तिथे वक्रीभवन हाच शब्द शोभतो. आणि अपवर्तन म्हणजे आमच्या जुन्या गणितात अपूर्णांक भागून लहान करणं. तो शब्द आधीच कामात होता.

गोदाकाठ:
शब्द दोन कामं करतात, त्यात काय बिघडलं? संस्कृतात तर तिरिपेत दिसणाऱ्या धुळीच्या कणालाही नाव होतं, त्रसरेणू. जाळीतून आलेल्या उन्हात जो बारीक कण दिसतो तो, आणि जुन्या वजनमापांत सगळ्यात पहिलं माप तेच. माजघरताई, हा शब्द पुस्तिकेत घ्याच. मुलांना जड शब्द आवडतात, डायनोसॉरची नावं पाठ करतात ती.

भिंगरी:
त्रसरेणू घेतला तर कवडसा मागे पडेल. जो शब्द मुलांच्या घरी अजून जिवंत आहे, तो आधी. पत्र्याची आणि स्लॅबची घरं झाली, कौलं गेली, आता कवडसा ऐकलेली पोरं किती उरली असतील? मला त्याची जास्त काळजी वाटते.

माजघर:
सगळ्यांचे आभार, पण अजून पहिल्याच वाक्यावर आहे. शिवाय पुढच्या पानावर आकाश निळं का, हे आहे. हवेचे कण निळा उजेड तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात असं लिहिलंय. तिथे आणि धुळीच्या जागी एकच शब्द चालेल का?

सूचिछिद्र:
शब्द एकच चालेल, पण एक ओळ जास्त लिहा. धुळीचे कण मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून तिरीप पांढरी दिसते. हवेचे रेणू फार लहान. तिथे तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं १६ पट होतं, म्हणून तांबड्यापेक्षा कमी तरंगलांबीचा निळा पुढे. ही ओळ नसेल तर एखादी मुलगी हमखास विचारेल, मग कवडशातली धूळ निळी का नाही? काचेच्या पेल्यात पाणी, दुधाचे चार-पाच थेंब आणि टॉर्च घ्या. बाजूने निळसर, समोरून नारिंगी दिसतं. खोली पुरती अंधारी हवी.

वाळवण:
मी आज मोजला! न्हाणीघराच्या पत्र्याला खिळ्याचं जुनं भोक आहे, चार मिलिमीटरचं, कडा फाटलेल्या. उन्हाच्या वाटेने मोजलं तर जमिनीपर्यंत पावणेतीन मीटर. ठिपका एका बाजूने ३ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने जवळजवळ ४. तुमचा हिशेब अडीचचा येतो. कुठे चुकलं?

सूचिछिद्र:
काहीच चुकलं नाही. अडीच सूर्याचे, बाकी भोकाच्या रुंदीचे. लांबट झाला कारण ऊन जमिनीवर तिरकं पडतंय. पुठ्ठा उन्हाला काटकोनात धरा, गोल होईल.

वाळवण:
धरला. झाला गोल. मग तो हळूहळू वर नेला तर ठिपका लहान होत गेला, भोकापर्यंत. मधे कुठेही पुठ्ठा धरला तरी कवडसा आहेच. म्हणजे ती तिरीप सगळीकडून कवडशांनीच भरलेली आहे. गोदाकाठदादा, तुमच्या आजींचं मला आता पटायला लागलंय.

भिंगरी:
मला नाही पटलं. पुठ्ठा धरलात म्हणून तो पडला.