‘बेअर’ भल्लूकापासून आला का?

रानवाट : इंग्रजी ‘बेअर’ आणि जर्मन ‘बेअर’ हे अस्वलाचे शब्द संस्कृत ‘भल्लूक’ (अस्वल) पासून निघाले, असे कालच्या लेखात ठामपणे लिहिले आहे आणि आधार केवळ उच्चारसाम्याचा दिला आहे. हे वाचून राहवले नाही. या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत; बहिणीला आई ठरवता येत नाही. अस्वलाचा जुना शब्द ऋग्वेदात ‘ऋक्ष’ असा आहे, ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’. जर्मॅनिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळाने, तो टाकून ‘तपकिरी’ या अर्थाचा शब्द घेतला, कारण रानात त्या श्वापदाचे खरे नाव उच्चारणे लोकांना भयाचे वाटे, असे सामान्यतः मानतात. नाते शोधायचेच असेल, तर इंग्रजी ‘बीव्हर’ (पाण्यात राहणारा एक प्राणी) आणि संस्कृत ‘बभ्रु’ (तपकिरी) घ्या. तिथे ते खरोखर आहे.

मूळ लेखक : तारांकित रूपे, म्हणजे भाषाशास्त्रज्ञ तारा लावून मांडतात ती अनुमानित मूळ रूपे, कोणी कानांनी ऐकली आहेत? आमच्या महाविद्यालयात संस्कृतचे नाव काढले की प्राध्यापक हसत, तेच मला पुन्हा दिसते आहे. आणि भयापोटी नाव टाकले, याला तरी पुरावा कोणता?

माजघर : पुरावा आमच्या घरात होता. माझी आजी सिंधुदुर्गातली. दिवेलागणीनंतर तिने सापाला कधी साप म्हटले नाही, ‘लांबडं’ म्हणे. एकदा मी ‘साप’ म्हणालो, तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. रशियनांनीही अस्वलाला ‘मेद्वेद’, म्हणजे मध खाणारा, म्हटले. त्यात आपले ‘मधु’ आणि ‘अद्’ (खाणे) स्पष्ट दिसतात.

पाणिनीय : आजीचा धपाटा हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे! भाषाशास्त्रज्ञ डोनाल्ड रिंज यांच्या मते ‘बेअर’चे मूळ ‘रानटी श्वापद’ या अर्थाच्या धातूत आहे, लॅटिन ‘फेरुस’चे तेच मूळ. तसे असेल, तर तपकिरी रंगाची कथा कोसळते.

माजघर : माझ्या आजीविषयी असे बोलू नका. आणि ‘श्वापद’ हेसुद्धा नाव टाळण्यासाठीच वापरलेले असू शकते. कोकणात सापाला आजही ‘जनावर’ म्हणतात.

पाणिनीय : हा मुद्दा मान्य करावा लागतो. तरी रंगाचा प्रश्न सुटत नाही.

मूळ लेखक : ‘भल्लूक’ मी मागे घेतो, कारण ‘ऋक्ष’ ऋग्वेदात असताना त्याला बाजूला सारण्याचे कारण मला देता येत नाही. पण त्या हसण्याचा विषय मी सोडलेला नाही.