मदत हवी आहे: एडीएचडी तपासणीसाठी शिक्षकांचा मराठी फॉर्म

नमस्कार. चौथीतल्या एका मुलीच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता यांची समस्या) तपासणीची तयारी चालू आहे. पालकांच्या व्हँडरबिल्ट फॉर्ममध्ये (लक्षणं किती वेळा दिसतात ते 0 ते 3 गुणांत मोजणारी प्रश्नावली) लक्ष न लागण्याच्या 9 पैकी 7 प्रश्नांना 2 किंवा 3 गुण आहेत (किमान 6 लागतात), वर्गशिक्षिकांच्या फॉर्ममध्ये मात्र 3 प्रश्नांनाच. मुलगी शांत बसते, म्हणून वर्गात कुणाच्या नजरेत येत नाही. वह्या वेगळंच सांगतात: फळ्यावरचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं, पहिली चार गणितं बरोबर, पाचव्यात वजाबाकीऐवजी बेरीज, पुढची कोरी. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून, किमान 6 महिने आणि दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. घोडं अडतं ते या दुसऱ्या ठिकाणापाशी, म्हणजे शाळेपाशी. कान-डोळे तपासून झालेत, झोपही पुरेशी आहे.

शिक्षकांच्या फॉर्मचा सोपा मराठी अनुवाद कुणी वापरलाय का? इंग्रजी फॉर्म घाईत भरला की ‘कधीकधी’ (1) आणि ‘बऱ्याचदा’ (2) यांत गल्लत होते आणि निकालच फिरतो. वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या तर डॉक्टर विचारात घेतात का? नाशिक भागात सरकारी रुग्णालयात बालमानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते? कृपया सांगा, वार्षिक परीक्षेआधी तपासणी व्हायला हवी.