ओजेटीच्या वह्या, हजेरी, संमतीपत्रं कशी जपून ठेवता? सल्ला पाहिजे

पळसफूल (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार सगळ्यांना. मी खेड्यातल्या हायस्कूलात शिकवते, नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणाचे कागदही माझ्याकडेच. दरवर्षी आमची पोरं तालुक्याला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये, कृषी केंद्रात ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायला), जातात, पण त्याचं रेकॉर्ड ठेवायची धड पद्धत आमच्याकडे नाही. मागच्या जुलैत स्टोअर रूमवरचे कवेलू सरकले आणि तीन वर्षांच्या वह्या भिजल्या. एक वही मी ओसरीत पान-पान करून वाळवली. जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं होऊन पसरलेलं, दुकानदाराची सही गेली, पानाच्या कोपऱ्यावर पोराच्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग तेवढा जसाच्या तसा.

आता या उन्हाळ्यात तोच पोरगा घरी आला, म्हणे मॅडम, नागपूरला कामावर घेऊन राहिले पण आधी कुठं शिकला त्याचा कागद मागतात. त्यानं वीस दिवस रोज तीन तास काम केलं, स्टार्टर खोलून पुन्हा बसवायला शिकला, हे मला माहीत आहे, पण हातात द्यायला कागद नाही. फार वाईट वाटलं हो. यंदापासून नीट ठेवायचं आहे. काय ठेवू, कशात ठेवू, किती वर्षं ठेवू? अनुभव असलेल्यांनी सांगा.

जुनी_हजेरी (अमरावती जिल्हा)
मॅडम, वाचून जीव जळला. मी शाळेत क्लार्क, उभी नोकरी याच कागदात गेली. सगळ्यात आधी जेल पेन बंद करा. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, पाणी लागलं तरी सहज पसरत नाही. दुसरं, वह्या सगळ्याच्या सगळ्या जपत बसू नका. एक जाड बांधणीचं रजिस्टर घ्या, पानांना नंबर टाका, एका पोराले एक पान. वर त्याचा जनरल रजिस्टर (जी.आर.) नंबर लिहा, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोघं-तिघं निघतात, जी.आर. नंबर मात्र दोघांचा एक राहत नाही. खाली कुठं गेला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण तास, हातानं काय काय केलं, आणि मालकाची सही. लहान दुकानदाराकडे शिक्का नसते, तवा त्याच्या बिलबुकाचं एक कोरं पान घ्या, त्याच्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा न् चिकटवा, छापील नाव-पत्ता आपोआप येते.

ठेवायचं म्हणाल तर लोखंडी पेटी, खाली दोन विटा, आणि भिंतीपासून वीतभर दूर, उधई भिंतीतूनही येते. रबर बँड लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तो वितळून कागदाले चिकटते. टाचण्या गंजतात. सुती नाडा बांधा. सरकारी दप्तरात अ वर्ग म्हणजे कायम आणि ड म्हणजे वर्षभरात नष्ट, तोच हिशोब मनात धरा. रजिस्टर कायम. बस पास, फिल्ड व्हिजिटच्या चहा-नाश्त्याच्या पावत्या एकदा तपासणी झाली की काढून टाका, नाहीतर कामाचा कागद त्याच ढिगाऱ्यात हरवते.

वर्धेकर_सर
जुनी_हजेरी भाऊंशी सहमत, पण पोराची वही एवढ्या लवकर बाद करू नका. आमच्या वर्ध्यात १९३७ ची शिक्षण परिषद झाली तिथपासून हातानं काम करून शिकायची गोष्ट चालू आहे, आणि पोरगं काय शिकलं हे त्याच्याच शब्दात वाचलं की कळतं. आम्ही शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतो, चुकलेलं काम पण लिहायला लावतो, आणि ते पान रजिस्टरमागे शिवतो. वही पोराला परत.

कोळसापट्टी (चंद्रपूर)
मी व्यवसाय प्रशिक्षक आहे, कंत्राटी. एक गोष्ट कळकळीनं सांगतो, रेकॉर्ड प्रशिक्षकाच्या मोबाईलमध्ये राहू देऊ नका. मी या शाळेत आलो तेव्हा आधीच्या दोन वर्षांचे फोटो, हजेरी सगळं आधीच्या सरांच्या फोनमध्ये, ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले, फोनही बदलला, संपलं. शाळेच्या नावानं वेगळा ईमेल काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. रजिस्टरच्या पानाचा फोटो उजेडात काढा, फाईलला वर्ष-इयत्ता-जी.आर. नंबर असं नाव द्या, ड्राइव्हवर टाका आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. लिंक उघडी ठेवू नका. पोरांच्या आधारच्या झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नको, तिथून कुठं जातात कोणालाच कळत नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ खालच्या सगळ्यांना बालकच धरतो आणि पालकांची संमती मागतो, तर ओजेटीच्या संमतीपत्रातच फोटो आणि माहिती ठेवण्याबद्दल एक ओळ घाला, साध्या मराठीत, आईला वाचून दाखवून मग सही किंवा अंगठा.

"काय काम केलं" हा रकाना तर सोडूच नका. १४ ते १८ च्या पोरांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं मनाई आहे. उद्या काही दुखापत झाली तर कोणतं काम दिलं होतं हे त्याच रकान्यातून दिसेल.

पळसफूल
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. रजिस्टर आणि पेटीचं मुख्याध्यापकांशी बोलले, हो म्हणाले. पण त्या पोराचं काय करू? मागची तारीख टाकून कागद करून द्या असं एक जण सुचवून राहिले.

जुनी_हजेरी
नाही मॅडम, ते करू नका. खोट्या तारखेचा एक कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी भरोसा ठेवत नाही. दुकानदाराकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या, "अमुक वर्षी माझ्याकडे शिकला" असं. शाळेच्या हजेरीत त्या दिवसांचा शेरा असंल तर त्याची नक्कल सोबत जोडा.

पळसफूल
रविवारी पोराला घेऊन त्या दुकानात गेले होते. दुकानदार भाऊंनी लगेच पत्र लिहून दिलं. मग आत जाऊन हिशोबाची जुनी डायरी आणली, त्यात रोजच्या चहाचा खर्च लिहिलेला, आणि त्या वीसही दिवसांच्या तारखेपुढं पोराचं नाव. बॉलपेननं. त्या पानांची झेरॉक्स पत्राला जोडली.