ब्रिज: त्यांनी 3 बदाम बोलल्यावर 3 इस्पिक की पास? सल्ला हवा

आकेकर:
चवथ झाली की पणजीत ब्रिजची पेअर्स (जोड्यांची स्पर्धा, तीच पानं सगळ्या टेबलांवर) खेळायला उतरणार आहोत. त्याआधी पार्टनरबरोबर एक गोष्ट पक्की करायची आहे. दोन्ही बाजू व्हल्नरेबल (बुडाल्यास दंड जास्त). माझी पानं: इस्पिक राजा-8-4, बदाम राणी-7-5, चौकट एक्का-9-6-2, किलवर 8-7-3.

बोली अशी (3 इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून 6 अधिक 3, म्हणजे 9 हात करायचा करार): पार्टनर 1 इस्पिक, उजवीकडून 2 बदाम, मी 2 इस्पिक, डावीकडून 3 बदाम, पार्टनर पास, उजवीकडून पास. आता काय? आणि पुढच्या वेळी न अडखळता ठरवता यावं म्हणून कशावर बोट ठेवायचं?

इस्पिकराणी:
पास. पॉइंट (बड्या पानांचे गुण) मोजू नका, हुकूम मोजा. फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांनी मांडलेला एकूण हातांचा नियम इथे चपखल बसतो: दोन्ही बाजूंना आपापल्या रंगात मिळून होणारे हात साधारण दोघांच्या हुकुमांच्या बेरजेइतके असतात. तुमचे हुकूम पार्टनरचे 5 अधिक तुमचे 3, म्हणजे 8. बदामाची 3 पानं तुमच्याकडे. पार्टनरकडे 2 धरली तर त्यांच्याकडे 8. बेरीज 16.

आता हिशेब करा. त्यांचे 8 हात, तुमचे 8: पास केलं तर +100, 3 इस्पिक बोललात तर -100. त्यांचे 9, तुमचे 7: पास -140, 3 इस्पिक -200, आणि डबल (दंड वाढवणारी बोली) पडला तर -500. त्यांचे 7, तुमचे 9: पास +200, 3 इस्पिक +140. तिन्ही वाटांनी पासच वर.

बेरीज 17 असती तर चित्र उलटतं. त्यांचे 9, तुमचे 8 असतील तर -140 ऐवजी -100. त्यांचे 8, तुमचे 9 असतील तर +100 ऐवजी +140. म्हणून तुमच्याकडे चौथं इस्पिक आणि बदामाची दोनच पानं असती, तर मी बेधडक 3 इस्पिक म्हटलं असतं.

शिवाय ती बदामाची राणी. बचावात ती एक हात देऊ शकते, पण इस्पिक हुकूम असताना बहुतेक वाया जाते. विरुद्ध रंगातल्या राण्या-गुलाम एकूण हात कमी करतात, हे नियम वापरणारे बरेचजण विसरतात.

फोंड्याचा_भिडू:
सहमत. पार्टनरच्या पासचा अर्थही आधीच ठरवून ठेवा: सहावं इस्पिक असतं तर त्यानेच 3 इस्पिक बोलायला हवं होतं. जास्तीचा हुकूम ज्याच्याकडे, बोलायची जबाबदारी त्याची. हे ठरलं नसेल तर दोघंही तेच पान मोजतात, किंवा कोणीच मोजत नाही.

दुसरं, पार्टनरकडे गेमची (मोठ्या बोनसचा करार, इथे 4 इस्पिक) आशा असेल तर? 3 बदाम आणि 3 इस्पिक यांच्यात बोली उरलेलीच नाही. म्हणून या जागी ओपनरचा (पहिली बोली बोलणाऱ्याचा) डबल हा दंडाचा नव्हे, तर 4 इस्पिकचं आमंत्रण ठेवा, आणि 3 इस्पिक म्हणजे निव्वळ झुंज, पुढे जाऊ नकोस. त्यांचा रंग किलवर किंवा चौकट असेल तर आमंत्रणाला मधे 3 बदाम मोकळी असते. तिथे डबल दंडाचाच राहू द्या.

आकेकर:
हे लिहून घेतलं. पण माझ्या जागेवरून डबल? डबल करून एक हात बुडवला तर 200, आणि पेअर्समध्ये 200 म्हणजे बाकी सगळ्या पार्टस्कोअरच्या (गेमपेक्षा लहान करारांच्या गुणांच्या) वर.

इस्पिकराणी:
मोह रास्त आहे. बाकी टेबलांवर 2 इस्पिक होऊन 110 मिळत असतील, तर तुमचे 100 खाली पडतात. पण त्यासाठी तुमच्याकडे कमाल पॉइंट आणि बदामात पक्का हात हवा. 9 पॉइंट आणि राणी-7-5 वर नको. त्यांनी बनवलं तर 730 जातात. टीम्समध्ये (संघांच्या स्पर्धेत) तर हात आखडताच घ्या: एक हात बुडाला आणि दुसऱ्या टेबलावर 100 असले तर मिळकत 3 आयएमपी (दोन टेबलांच्या फरकावरून ठरणारे गुण), बनलं आणि तिथे 140 असले तर 590 चा फरक, 11 आयएमपी गेले.

फोंड्याचा_भिडू:
एक कळकळीची विनंती. पार्टनर 3 बदामवर बराच वेळ विचार करून पास झाला, तर या पानांवर तुम्ही 3 इस्पिक बोलायचंच नाही. त्याच्या रेंगाळण्याने 'काहीतरी आहे' हे तुम्हाला कळलं, आणि पास हा सरळ पर्याय समोर असताना ती माहिती वापरणं ब्रिजच्या नियम 16 खाली गैर ठरतं. डायरेक्टर (स्पर्धेचा पंच) निकाल 3 बदामवर परत नेऊ शकतो. म्हणूनच या जागा घरी ठरवायच्या. मडगाव-पणजी शटलमध्ये शेजारी बसा, एकाने बोली वाचावी, दोघांनी उत्तर वेगवेगळं लिहावं, मग ताडून पाहावं. जिथे जुळत नाही तिथेच बोलत बसा.

आकेकर:
शेवटचं: आमच्या 4 इस्पिकवर त्यांनी 5 बदाम म्हटलं तर?

इस्पिकराणी:
5 इस्पिकसाठी 11 हात लागतात, ते दिसत नसतील तर वर चढू नका. व्हल्नरेबल असताना ते डबलमध्ये 2 हात बुडाले तर तुम्हाला 500, म्हणजे 4 इस्पिक होऊन मिळणाऱ्या 620 पेक्षा कमी; 3 बुडाले तर 800. पण 500 कमी वाटले म्हणून 5 इस्पिक बोलून एक हात बुडालात तर हाती -100 येतात. तुम्हाला बदामाचा सिंगलटन (एकच पान) आणि दहावा हुकूम असेल तरच मी पुढे जाईन.